ती घंटी कुणाला ऐकू आली? ‘पंगाब्दी सेतान’बद्दलच्या उलटसुलट मतांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘पंगाब्दी सेतान’ हा २०१७चा इंडोनेशियन भयपट तुम्ही तिघा मित्रांनी एकाच्या खोलीवर लॅपटॉपवर पाहिला आणि तुम्हाला तो संथ वाटला. त्याच आठवड्यात तुमच्या ताईने रात्री मुलं झोपल्यावर हेडफोन लावून तो सुरू केला, अर्ध्या तासात बंद केला आणि पहाटेपर्यंत जागी राहिली. मग तुम्ही इतरांची मतं वाचलीत. कुणी लिहितं की इतका भीतिदायक आशियाई सिनेमा पाहिलाच नाही. कुणी म्हणतं ही अमेरिकी भुताटकीच्या सिनेमांची नक्कल आहे. कुणाला शेवट कळलेला नाही. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारता. शेवटी जाता जाता हेही लिहिता की ताईने तुमच्या आईचं दुखणं दोन वर्षं काढलं होतं, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे. पण तिथवर जायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

मी २४ वर्षं सिनेमाच्या आवाजाचं काम करतो. पावलं, दारं, वारा, पाऊस, कपड्यांची सळसळ, आणि शेवटी हे सगळं संवाद-संगीताबरोबर बसवणं हे माझं काम. भयपट आमच्याकडे आला की दिग्दर्शकाचा पहिला आग्रह बहुतेक वेळा ‘इथे जोरात धडाम पाहिजे’ असा असतो. म्हणून हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो कानांनी. पुढे गोष्टीतलं बरंच सांगणार आहे. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

गोष्ट १९८१ सालातली, शहरापासून दूर एका जुन्या घरातली. आई एकेकाळची गायिका. तीन वर्षांहून जास्त काळ ती अंथरुणाला खिळलेली आहे आणि आजार काय ते कुणाला सांगता येत नाही. तिच्या गाण्यांचे पैसे येणं थांबलंय. थोरली मुलगी रिनी रेकॉर्ड कंपनीत चौकशीला जाते आणि हात हलवत परत येते. घरात वडील, चाकाच्या खुर्चीतली आजी आणि तीन धाकटे भाऊ. सगळ्यात धाकटा इयान खुणांनी बोलतो. आईच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून तिच्या हाताशी एक छोटी घंटी ठेवलेली आहे. घंटी वाजली की कुणीतरी उठायचं आणि माडीवर जायचं.

या सिनेमातली सगळी भीती त्या घंटीत आहे. भुताचा मेकअप, पांढरे डोळे, कबरीतून उठणारी प्रेतं हे सगळं नंतर येतं आणि नसतं तरी चाललं असतं. आई जिवंत असताना, अजून काहीही अघटित घडलेलं नसताना, ती घंटी वाजते आणि मुलं एकमेकांकडे बघतात. आज कोण जाणार? आईला भिणं आणि आईला भितो याची लाज वाटणं, दोन्ही त्या एका नजरेत आहे. पुढे आई जाते, घराजवळच्या कब्रस्तानात तिला पुरतात, वडील कामासाठी शहरात जातात आणि मग एका रात्री रिकाम्या खोलीतून तीच घंटी वाजते. दिग्दर्शकाने नवा आवाज आणलेला नाही. पहिल्या वीस मिनिटांत त्याने आपल्याला एका आवाजावर उठायची सवय लावली आणि मग त्या आवाजामागचं माणूस काढून घेतलं.

माझी आजी शेवटचे चौदा महिने अंथरुणावर होती. तिच्या उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा असे. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की ती चमच्याने वाटी वाजवायची. मी तेव्हा नववीत होतो. आजी गेल्यानंतर कितीतरी दिवस स्वयंपाकघरात कुणी वाटीत चमचा ठेवला की माझी आई अर्धी उठायची, आणि मग पुन्हा बसायची. हा सिनेमा बघताना मला पडद्यावरच्या आईची नव्हे, माझ्या आईच्या त्या अर्धवट उठण्याची आठवण झाली. तुमच्या ताईला काय आठवलं असेल हे मी सांगू शकत नाही. पण तुमचा सिनेमा आणि तिचा सिनेमा एकच होता असं मला वाटत नाही.

आता कामाची गोष्ट. छोट्या धातूच्या घंटीचा आवाज बारीक असतो, त्यातला बराचसा भाग साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्ट्यात. तान्ह्या बाळाच्या रडण्यातला बोचरा भागही तिथेच असतो. म्हणून असा आवाज मोठा करावा लागत नाही, तो हळू असला तरी झोप मोडतो. पण त्याला भोवती शांतता लागते. थिएटरमध्ये आम्ही ८५ डेसिबलचं प्रमाण धरून मिक्सिंग करतो. त्यामुळे कुजबुज खरोखर कुजबुजीइतकी खाली ठेवता येते आणि धक्का खरोखर अंगावर येईल इतका वर नेता येतो. या दोन टोकांमधल्या अंतरावर भयपट जगतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचं टोक पंख्याच्या घरघरीत बुडतं, म्हणून आपण आवाज वाढवतो, मग दचकवणारे आवाज कर्कश होतात, म्हणून पुन्हा कमी करतो. खर्ज तर अशा छोट्या स्पीकरमधून जवळजवळ बाहेरच पडत नाही. जुन्या घराचा हुंकार, विहिरीची घुमी, रिकाम्या जिन्याचा दाब हे सगळं खर्जातच असतं. म्हणजे तुम्ही तिघांनी जो सिनेमा ऐकलात त्यात संवाद होते आणि किंचाळ्या होत्या. मधलं काहीच नव्हतं. त्याला संथ म्हणालात यात तुमची चूक नाही.

त्या वर्षीच्या इंडोनेशियन चित्रपट महोत्सवात या सिनेमाला १३ नामांकनं आणि ७ चित्रा पुरस्कार मिळाले, त्यात ध्वनीचा पुरस्कारही होता. चित्रा म्हणजे तिथला सगळ्यात मानाचा सिनेपुरस्कार, आणि भयपटाला तिथेही असे पुरस्कार सहजी देत नाहीत.

रेडिओचा प्रसंग आठवतो का तुम्हाला? रात्री आईचं जुनं गाणं लागतं. ‘केलाम मालाम’, म्हणजे रात्रीचा काळोख. गाणं सिनेमासाठी नव्याने केलेलं आहे, पण जुन्या तबकडीवरून आल्यासारखं वाटतं. असं करायला आम्ही आवाजाचं वरचं आणि खालचं टोक छाटतो, मधला नाकातला भाग ठेवतो, कधी तो एखाद्या खोलीत लहान स्पीकरवर वाजवून पुन्हा माइकने टिपतो, म्हणजे भिंतींचा वास त्याला लागतो. गोड, थोडं उदास गाणं आहे. भीतीसाठी गोड गाणं वापरण्याची युक्ती नवी नाही, पण इथे त्याला कारण आहे. हाच आवाज कधीकाळी या घराचं पोट भरत होता. आईचं काम करणाऱ्या आयू लक्ष्मी स्वतः बालीच्या गायिका, ऐंशीच्या दशकात रॉक गाणाऱ्या म्हणून त्यांचं तिथे नाव होतं. इंडोनेशियातल्या वयस्क प्रेक्षकाला हे ठाऊक असणार. गाऊ न शकणाऱ्या गायिकेच्या अंथरुणात एक खरी गायिका पडून आहे, हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

तर मतांकडे वळतो. ‘नक्कल आहे’ हा आरोप सगळ्यात जास्त दिसतो आणि त्यात थोडं तथ्य आहे. माडीवरची बंद खोली, आईचं भूत, मुलांचा खेळ अचानक भलत्या वळणावर जाणं, हे अमेरिकी सिनेमांत आपण पाहिलेलं आहे. व्ह्यू-मास्टरमधून, म्हणजे डोळ्यांना लावून चित्रं बघायच्या खेळण्यातून, चित्रं बघतानाचा दचका मला स्वतःला फार हिशेबी वाटला, आणि काही ठिकाणी संगीताचा तडाखा गरजेपेक्षा मोठा आहे. मी तिथे बसलो असतो तर दोन-तीन जागी तो काढायला सांगितला असता. पण नक्कल म्हणणाऱ्यांना बहुधा हे माहीत नसतं की हा सिनेमा मुळात एका इंडोनेशियन सिनेमावरूनच केलेला आहे. सिस्वोरो गौतम पुत्र यांचा याच नावाचा सिनेमा १९८० साली आला होता, निर्मिती रापी फिल्म्सची, नव्या सिनेमाचीही त्यांचीच. नव्या सिनेमाचे दिग्दर्शक जोको अन्वर हे लहानपणापासून त्या जुन्या सिनेमाचे चाहते. दिग्दर्शक होण्याआधी ते ‘जकार्ता पोस्ट’मध्ये सिनेसमीक्षा लिहीत. जुन्या सिनेमात दार्मिनाह नावाची एक मोलकरीण आहे, तीच घरात सैतान घेऊन येते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन सिनेमांमधला फरक बघितला की तिथल्या प्रेक्षकांची मतं का पेटली ते कळतं. १९८०च्या सिनेमातलं श्रीमंत कुटुंब धर्मापासून दुरावलेलं असतं, त्यामुळे सैतानाला वाट मिळते आणि शेवटी कियाई, म्हणजे धर्मगुरू, आपल्या अनुयायांसह येऊन त्याला भस्म करतो. सुहार्तोंच्या राजवटीत, म्हणजे १९९८पर्यंत, भयपटांचा शेवट बहुतेक असाच व्हायचा. देवाधर्माचा विजय दिसला पाहिजे अशी अपेक्षाच होती. प्रेक्षकही ते गृहीत धरून बसायचे. अर्धा तास कसंही घाबरवा, शेवटी पांढऱ्या कपड्यातला माणूस येणारच आहे.

जोको अन्वर यांनी ती हमी काढून घेतली. त्यांच्या सिनेमातले उस्ताद, म्हणजे गावातले धर्मशिक्षक, प्रेमळ आहेत, शहाणे आहेत, या घराची चौकशी करतात. आणि त्यांचाच मुलगा अपघातात जातो, ते कोसळतात, पुढे त्यांचाही बळी जातो. नमाज पढताना रिनीच्या समोर जे घडतं ते बघून तिथल्या अनेक प्रेक्षकांना त्रास झाला. मुकेना, म्हणजे नमाजासाठी बायका घालतात तो पांढरा झगा, हा तिथे सगळ्यात सुरक्षित कपडा. त्याच कपड्यात भूत उभं केलं. काहींनी याला श्रद्धेची थट्टा म्हटलं. मला तसं वाटत नाही. उस्तादांचं दुःख सिनेमा फार आदराने दाखवतो. ज्या बापाचा मुलगा गेला आहे त्याच्याकडून दुसऱ्याच्या घरातलं भूत घालवण्याची अपेक्षा करणं सिनेमाला क्रूर वाटतं, एवढंच.

इथे एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. जावामध्ये माणूस गेला की सात रात्री ‘तहलीलान’ असतं, शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात, नंतर चाळिसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी पुन्हा. दहावा-तेरावा करणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही. मेलेला माणूस लगेच जात नाही, त्याला टप्प्याटप्प्याने निरोप द्यायचा असतो. ‘पोचोंग’चंही, म्हणजे कफनातल्या भुताचंही, तसंच. कफनाला डोक्याशी आणि पायाशी गाठी मारतात, पुरताना त्या सैल करायच्या असतात. गाठ सोडायची राहिली तर मृत तसाच बांधलेला परत येतो अशी समजूत. शेवटी प्रेतांची रांग दिसते तेव्हा परदेशी प्रेक्षक ‘झोंबी’ म्हणून मोकळा होतो. तिथला प्रेक्षक मात्र कुणाच्या तरी घरचं राहून गेलेलं काम बघत असतो.

आणि आईने केलेला सौदा. मूल होत नव्हतं म्हणून ती एका पंथाकडे गेली, मुलं झाली, पण शेवटचं मूल सात वर्षांचं झालं की ते परत द्यायचं. जावामध्ये ‘पसुगिहान’ हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो: अघोरी शक्तीकडून धन मिळवायचं आणि बदल्यात घरातलं माणूस द्यायचं. त्या बळीला ‘तुम्बाल’ म्हणतात. इथे धनाऐवजी मुलं आहेत. वांझ म्हणून सासरी ऐकून घ्यावं लागलेली सून आणि ते बोलणारी सासू एकाच घरात, एक खाटेवर, दुसरी चाकाच्या खुर्चीत. या जोडीवर आणखी वेळ द्यायला हवा होता. सिनेमा तिथून घाईने पुढे जातो आणि आजी विहिरीत सापडते.

शेवट न कळल्याची तक्रार रास्त आहे. हा दोष मी लपवणार नाही. सौद्याची सगळी माहिती आजीचे जुने स्नेही बुदिमान यांच्या मासिकातल्या लेखातून येते. म्हणजे ऐन भीतीच्या वेळी आपल्याला वाचून दाखवलं जातं. (बुदिमान म्हणजे आपला बुद्धिमान. संस्कृतमधून गेलेला शब्द आहे, आणि नावाप्रमाणे सगळं ज्ञान त्यांच्याकडेच!) त्यांचा पहिला लेख सांगतो की धाकट्याला वाचवा. नंतरची दुरुस्ती रिनीच्या घरी पोचवायला निघालेला उस्तादांचा मुलगा वाटेतच मरतो. ती दुरुस्ती हाती येते तोवर उशीर झालेला असतो, कारण ज्याला वाचवायचं होतं तोच त्या शक्तीचा मुलगा. सबटायटल वाचता वाचता हे निसटणं सहज शक्य आहे. वर्षभरानंतरच्या प्रसंगात शहरातल्या इमारतीत शेजारचं एक जोडपं भेटतं. त्यातल्या बाईचं नाव दार्मिनाह. जुना सिनेमा पाहिलेल्या प्रेक्षकाने त्या नावासरशी थिएटरात श्वास रोखला असणार. आपल्यासाठी ती फक्त एक हसरी शेजारीण. शेवट अर्धवट वाटतो तो यामुळे.

एक गोष्ट इंडोनेशियन प्रेक्षकांच्या बाजूने सांगायला हवी. त्यांची स्तुती अतिशयोक्त वाटते, पण तिच्यामागे बरीच वर्षं आहेत. २००१च्या ‘जेलांगकुंग’ने तिथला भयपट पुन्हा उभा केला, आणि पुढच्या दहा वर्षांत उथळ, अंगप्रदर्शनावर चालणाऱ्या भुताच्या सिनेमांनी त्याची पार रया घालवली. ‘लोकल हॉरर’ हा तिथे जवळपास हिणवण्याचा शब्द झाला होता. अशा वेळी घर, कपडे, उजेड, आवाज, अभिनय सगळं मनापासून केलेला भयपट आला. तारा बासरोने रिनीला रडकी किंवा शूर न करता फक्त दमलेली ठेवलं. ४२ लाखांहून जास्त लोकांनी तो थिएटरात पाहिला, त्या वर्षी इतका दुसरा कुठलाच इंडोनेशियन सिनेमा चालला नाही. आपल्याच घराचा मान परत मिळाल्यासारखं त्यांना वाटलं असणार, आणि ते शब्दांत उतरणारच.

दुसऱ्या भागाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक वाक्य. २०२२चा तो भाग आयमॅक्ससाठी चित्रित झालेला पहिला इंडोनेशियन सिनेमा. ६३ लाखांच्या पुढे प्रेक्षक, आणि तरी तक्रारी जास्त. काळोख फार, गोष्ट पसरट. पाण्याने वेढलेल्या बहुमजली चाळीत वीज जाते आणि माणसं काडेपेटीच्या उजेडात फिरतात ते मला आवडलं. पण त्यात घंटीसारखं काही नाही.

तर बरोबर कोण? माझा सल्ला असा की कुठलंही मत वाचताना आधी बघा, तो माणूस भुतांबद्दल बोलतोय की घराबद्दल. भुतं मोजणाऱ्याला हा सिनेमा मध्यम वाटणार, आणि त्याचं मोजमाप चुकीचं नाही. घरात कुणाचं दीर्घ दुखणं काढलेल्या माणसाला तो पहिल्या अर्ध्या तासातच पुरेसा होतो, कारण पुढे जे येणार आहे ते त्याला आधीच माहीत आहे.

तुम्ही एकदा पुन्हा बघा. एकटे, रात्री, पंखा बंद करून, चांगले हेडफोन लावून. घंटी पहिल्यांदा वाजते तिथला आवाज धरून पातळी ठरवा आणि मग शेवटपर्यंत बटणाला हात लावू नका. पहिल्या अर्ध्या तासात भूत शोधू नका, फक्त बघा की प्रत्येक वेळी घंटी वाजल्यावर कोण उठतं आणि कोण उठत नाही.

ताईला मात्र पुन्हा बसवू नका. आणि जमलं तर तिला विचारा, तुमची आई तिला हाक कशी मारायची. मला वाटतं त्या दोन वर्षांत बहुतेक वेळा तीच उठत होती.